बारदान वजा करून

सुशीलाकाकू कोणाच्याही घरी बाळंतिणीला बघायला गेल्या की आधी बाळाकडे बघायच्या नाहीत. बाळंतिणीकडेही नाही. त्या भिंतीकडे बघायच्या. भिंतीवर घड्याळ दिसलं की स्टूल मागायच्या, स्वतः वर चढायच्या, घड्याळ उतरवून पालथं करायच्या, मागचा सेल काढायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. मग हात धुऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता दाखवा लेकरू."

तारनाक्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. एका सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या अठ्ठावीस वर्षं नर्स होत्या. बुटक्या, आडव्या बांध्याच्या, केसांना मेंदी लावून लाल केलेल्या. चालताना आधी आवाज यायचा आणि मागून त्या. घरचे मूळचे नांदेडकडचे, वडील नोकरीच्या शोधात हैदराबादला आले ते इथलेच झाले. त्यामुळे काकूंच्या एका वाक्यात मराठी, दखनी आणि तेलुगू अशा तिघी मांडीला मांडी लावून बसलेल्या असायच्या. स्वतःच्या हाताला घड्याळ नाही. "ड्यूटीत छातीवर लटकवलं तेवढं बस झालं. अब नक्को," म्हणायच्या.

मी त्यांना ओळखते ते माझी मुलगी रेवा सतरा दिवसांची होती तेव्हापासून. त्याआधी दोन वर्षं त्या आमच्या डोक्यावरच राहत होत्या, म्हणजे वरच्या मजल्यावर, आणि जिन्यात 'बरं आहे ना?' यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. त्याचं कारण मी पुढे सांगणार आहे, मला लाज वाटली तरी.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरी झालं. सासूबाईंनी काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सगळं वेळच्या वेळी. त्यांच्या हातची बाळंतशोपा मला आजही आठवते. पण रेवा त्यांच्या कोणत्याच हिशोबात बसत नव्हती. ती चार मिनिटं प्यायची. पाचव्या मिनिटाला तोंड बाजूला, हातपाय सैल, गाढ झोप. तळपायाला टिचक्या मारा, कान चोळा, ओल्या कापडाने गाल पुसा, काही उपयोग नाही. आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तोंड वासून हजर. पुन्हा चार मिनिटं.

"दूध पुरंना लेकराला," सासूबाई म्हणाल्या.

"पुरतं तर नाहीच, पण पातळ पण असणार," माझ्या नणंदबाई, सुनंदाताई म्हणाल्या. त्या हिमायतनगरला राहतात आणि त्यांची दोन्ही मुलं म्हणे पोटभर पिऊन तीन-तीन तास झोपायची. ही मुलं आता कॉलेजात आहेत आणि अजूनही त्यांच्या त्या झोपेचं कौतुक संपलेलं नाही. बाळाला बघायला जी बाई येई ती जाताना माझ्या छातीकडे बघून चुकचुकायची. उचलली जीभ, लावली टाळ्याला. विनयने, माझ्या नवऱ्याने, भांडणं नकोत म्हणून मोबाइलवर दर दोन तासांची घंटी लावून दिली. घंटी वाजली की पाजायचं. मधे मागितलं तर थोपटायचं, म्हणजे भूक साठेल आणि बाळ एकदम पोटभर पिईल, असा सुनंदाताईंचा सिद्धांत होता. मी एम.कॉम., बँकेत नोकरी करणारी, हा सिद्धांत मुकाट्याने पाळत होते. रेवा रडायची, मी थोपटायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मीही रडायची.

सतराव्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली आणि सुशीलाकाकू आत आल्या. सासूबाई गोंधळल्या. "सिस्टर, तुम्ही कशा काय?"

"लेकरानं बोलावलं," काकू म्हणाल्या. "माझ्या किचनची खिडकी तुमच्या खोलीवरच हाय. चार दिवस झाले ऐकू राहिले." आणि स्टूल मागितलं.

घड्याळाचा सेल पर्समध्ये गेल्यावर, हात धुऊन झाल्यावर, त्या माझ्या पलंगावर बसल्या.

"किती वेळानं पाजतीस?"

"दोन तासांनी."

"मधी मागती का?"

"सारखी."

"मग देत कामून नाहीस?"

"टाइम झालेला नसतो."

"टाइम!" काकू इतक्या मोठ्याने म्हणाल्या की रेवा दचकली. "लेकरू काय सिटीबस हाय का टाइमावर यायला? आणि सिटीबस तरी कधी टाइमावर आलेली बघितली का तू?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. काकू त्यांच्याकडे वळल्या. "आक्का, तुम्ही दिवसाला चहा किती येळा पिता?"

"पाच-सहा येळा. पण घोट-घोटच."

"मग सकाळीच एकदम भगुनंभर पिऊन टाकत जा की. दिवसभराची कटकट जाती."

मला हसू आलं. पोटावरचे टाके ओढले गेले, पण सतरा दिवसांत मी पहिल्यांदा हसले होते. काकूंनी रेवाला उचलून माझ्याजवळ दिलं. "ती मागंल तवा दे. चार मिनिटं पिली तर चार. चिमणी दाणे टिपती ना, तसं. चिमणीला कोणी विचारतं का, पोतं का नाही नेलं म्हणून?"

आता ते लाजेचं सांगते. सासूबाईंनी चहा केला. आमच्या घरात सहा कपांचा एक सेट होता आणि एक चिरा गेलेला जुना मग होता, जो खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा असायचा. काकूंना चहा त्या मगातून आला. काकू बौद्ध होत्या. आम्ही शेतीवाले, गाव सोडून दोन पिढ्या झाल्या, अफझलगंजला दुकान, सगळे शिकलेले. घरात तसलं कोणी तोंडाने बोलत नसे. पण तो मग बोलायचा. मी तो ओळखला. काकूंनीही ओळखला, कारण त्यांनी तो उजेडात धरून सगळीकडून नीट बघितला. मी पांघरुणात तोंड घातलं. बोलायला हवं होतं, बोलले नाही.

काकूंनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग मग घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, स्वतःच्या हाताने घासला, धुतला आणि कपांच्या स्टँडवर त्या सहा कपांच्या बरोबर मधोमध टांगला. सासूबाई बघत राहिल्या. काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "आक्का, कप इथं टांगलाय. उद्या पुन्हा येणार हाय मी."

आणि आल्या. रोज आल्या. बोलावलेलं नसताना कोणाच्या घरी रोज जायला केवढं काळीज लागतं ते मला आता कळतं. तेव्हा मला वाटायचं की त्यांना मान-अपमान कळतच नाही.

त्यांची एक सवय मला नंतर कळली. सकाळी उठल्या की त्या आपल्या बाल्कनीतून वाकून आमच्या बाल्कनीतल्या दोरीकडे बघायच्या. दोरीवर रेवाचे लंगोट वाळत असायचे. विनय रोज सकाळी ते वाळत घालायला गेला की वरून आवाज यायचा, "आज नऊ! पास!" पहिल्या दिवशी तो बिचारा घाबरून आत पळून आला. नंतर त्याला सवय झाली, पुढे तर तो स्वतःच मोजून वर ओरडायचा. "जे आत जातं तेच बाहेर येतं," काकूंचं म्हणणं. "लेकराचं पोट भरलं का नाही ते शेजारणीला नक्को विचारू. दोरीला विचार."

पण घरातल्यांना दोरी पुरणार नव्हती. सुनंदाताई एक दिवस पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली घेऊनच आल्या. डबा माझ्या समोरच्या कपाटावर, मला दिसेल असा ठेवला. बरीच बोलाबोली झाली आणि मग तह झाला. आमच्या सासरी एक रीत आहे. बारशाला दुकानातला काटा घरी आणतात, बाळाला त्यात बसवतात आणि बाळाच्या वजनाइतकी साखर वाटतात. तो काटा एरवी मिरची, हळद, गूळ तोलतो. रेवाला बाराव्या दिवशी त्यात ठेवली तेव्हा मिरचीच्या वासाने तिला चार शिंका आल्या आणि सगळे खूष झाले होते. तेव्हा भरली होती तीन किलो सातशे ग्रॅम. सुनंदाताई म्हणाल्या, सव्वा महिन्याला पुन्हा त्याच काट्यावर घालू. वजन नीट वाढलेलं असलं तर तुझं खरं. नाही तर त्याच दिवसापासून डबा, आणि मग वरच्या सिस्टरला मधे आणायचं नाही.

मी हो म्हटलं. मला वाटत होतं की आपण जिंकणार.

सव्वा महिन्याच्या दिवशी घरात पुरणपोळी होती. माझे दीर, प्रकाशभाऊजी, दुकानातून काटा घेऊन आले. रेवाला आंघोळ घालून, पुसून, तशीच उघडी काट्यात ठेवली. सगळे वाकले. आकडे हलले, थांबले. तीन किलो आठशे.

सव्वीस-सत्तावीस दिवसांत फक्त शंभर ग्रॅम.

सुनंदाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात विजय नव्हता, कीव होती. मी रेवाला घेऊन खोलीत गेले, दार लोटलं आणि कपाटावरचा डबा खाली काढला. इतके दिवस मी माझ्या मुलीला उपाशी ठेवलं होतं. एका दांडग्या बाईच्या नादी लागून, आपलं तेच खरं करायच्या हट्टापायी. कात्रीने डब्याचं सील फोडलं. पावडर गादीवर सांडली.

काकूंना मी जेवायला बोलावलं होतं, ते मी विसरूनच गेले होते. त्या आत आल्या तेव्हा मी चमचा हातात धरून रडत होते. मला वाटलं आता त्या डबा फेकून देणार. त्यांनी गादीवरची पावडर तळहाताने गोळा केली.

"द्यायचा का डबा? दे. विष नाही त्यात. पण अशी रडत नक्को देऊ. लेकरू काय म्हणंल, आईनं मला काय रडण्यासारखं पाजलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात..." मी म्हणाले.

"हौ, मीच म्हणाले." त्या माझ्यासमोर बसल्या. "माझा सिद्धार्थ झाला तवा मी नवी नवी नर्स. ट्रेनिंगमधी पहिली आलेली. आम्हाला शिकवलेलं, तीन तासानं पाजायचं. मी शिकलेली ना, मग मी घड्याळ लावून पाजलं. तो असाच होता, दोन घोट आणि बस. मधी रडायचा. मी बाहेरच्या खोलीत बसून घड्याळाकडं बघत राह्यची. माझी सासू अनाडी बाई, हात जोडून म्हणायची, अगं दे गं त्याला. मी तिला गप बसवायची. महिन्यात माझं दूध आटलं. डब्यावर वाढला तो. आज सहा फुटाचा हाय, नोकरी करतो, त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं माझं. ते रडणं अजून इथं हाय." त्यांनी कानाला हात लावला. "म्हणून मी घड्याळं काढत फिरते. लोकांना वाटतं म्हातारी येडी हाय."

काकूंनी नाक ओढलं, उठल्या आणि एकदम नर्ससारख्या आवाजात म्हणाल्या, "किती भरली?"

मी दोन्ही वजनं सांगितली.

"होऊच शकत नाही," त्या म्हणाल्या. "रोज आठ, नऊ. दोरी झूट बोलत नाही." मग जरा थांबून, "बारशाला काट्यात ठेवली तवा अंगावर काय होतं?"

मला आठवेना. मी बारशाचा फोटो मोबाइलवर काढला. काकूंनी तो डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि माझा हात धरून मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेल्या. काटा अजून मधेच होता.

"आक्का, बारशाला पोरीच्या अंगावर जे जे होतं ते सगळं आणा. चांदी पण."

सासूबाईंनी विनयकडे बघितलं. विनय म्हणाला, "आण की आई."

कपाट उघडलं. एकेक वस्तू काट्यात पडत गेली. आत्याने दिलेले वाळे. आजीचा करदोटा. हातातल्या बिंदल्या. खणाचं झबलं, टोपडं. थंडी होती म्हणून गुंडाळलेलं जाडजूड दुपटं. आणि फोटोत रेवाच्या मांडीवर ठेवलेलं चांदीचं बोंडलं आणि वाटी, शकुन म्हणून ठेवलेली. आकडे चढत गेले आणि थांबले. सहाशे ग्रॅम.

"आता सांगा," काकू प्रकाशभाऊजींना म्हणाल्या. "दुकानात मिरची तोलता ती पोत्यासकट तोलता का?"

"छे. बारदान वजा करतो की आम्ही," भाऊजी म्हणाले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी कपाळावर हात मारला.

दोन पिढ्यांचं दुकान. पोत्याचं, डब्याचं, टोपलीचं वजन वजा केल्याशिवाय या घराने आजवर चिमूटभर हळद कोणाला दिली नव्हती. आणि स्वतःच्या नातीला चांदीसकट, दुपट्यासकट तोलून ते तिचं वजन धरून बसले होते. रेवा बारशाला तीन किलो सातशे नव्हतीच. तीन किलो शंभर होती. म्हणजे ती सातशे ग्रॅम वाढली होती, चार-चार मिनिटांच्या घोटांवर.

"मिरचीला न्याय आणि लेकराला नाही? काय दुकानदारी हाय तुमची!" काकू म्हणाल्या.

सगळ्यात आधी हसले ते भाऊजी. मग विनय. सुनंदाताई हसल्या नाहीत, पण आत गेल्या, उघडलेला डबा झाकण लावून पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "मग मला तरी कसं कळणार?" मला त्यांचा फार राग आला होता, तो त्या वाक्याने उतरला. खरंच, त्यांना तरी कसं कळणार? त्यांच्याही हातात कधीतरी कोणीतरी असंच घड्याळ दिलं असणार.

सासूबाईंनी काकूंना आग्रहाने बसवून पोळी वाढली, वर तुपाची धार, आणि पहिल्यांदा त्या स्वतः त्यांच्या शेजारी जेवायला बसल्या. जेवणानंतर चहा आला तो सेटातल्या कपातून. काकूंनी कप हातात घेतला, बघितला आणि परत दिला. "माझा कुठं गेला? तो चिरेवाला? मला त्यातच लागतो." सासूबाई उठल्या, स्टँडच्या मधला मग काढला, त्यात चहा ओतला आणि आणून दिला. देताना त्यांची मान खाली होती. काकूंनी त्याच मगातून पुढे सहा वर्षं आमच्याकडे चहा प्यायला आणि तो कधी दुसऱ्या जागी ठेवू दिला नाही.

रेवा तीन महिन्यांची असताना काकू मला घेऊन हिमायतनगरला एका साडीच्या दुकानात गेल्या. त्यांना भाचीच्या लग्नाला साडी घ्यायची होती. पांढऱ्या गादीवर आम्ही बसलो आणि रेवाने तोंड वासलं. सेल्समन अदबीने म्हणाला, "मॅडम, पीछे गोडाउन है, उधर बैठ जाइए." मी उठायला लागले. काकूंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"गोडाउन में तुम्हारा माल रखो," त्या त्याला म्हणाल्या. "बच्ची इधरीच पियेगी. तुम साडियाँ बताव."

त्याने साडी उलगडली. काकूंनी ती रंग बघायला म्हणून दोन्ही हातांनी उंच धरली, माझ्यासमोर, आडोशासारखी. "हौ, अच्छी है. दूसरी बताव." दुसरी. "इसमें हरा नहीं क्या?" तिसरी, चौथी. रेवाची चार मिनिटं झाली, ती झोपली. काकूंनी साड्या खाली ठेवल्या आणि चहा मागवायला लावला. पाऊण तासाने रेवा पुन्हा उठली. "अब वो काँजीवरम बताव, वो ऊपर का." गल्ल्यावरचे म्हातारे मालक हे सगळं बघत होते. शेवटी तेच उठून आले, सेल्समनला बाजूला केलं आणि स्वतः एक मोठी चादर दोन खांबांना बांधून दिली. "अम्मा, हाथ दुख जाएँगे तुम्हारे," म्हणाले. काकूंनी साडी एकच घेतली, ती पण पहिली दाखवलेली.

आता कोणाला वाटेल की त्या डब्याच्या वैरी होत्या. तसं नव्हतं. तळमजल्यावर एक तेलुगू मुलगी होती, तिला दूध आलंच नाही. सगळे उपाय झाले, नाही आलं. तिच्या घरी जाऊन काकूंनी स्वतः पाणी उकळून, पावडर मोजून बाळाला पाजलं, आणि तिची सासू 'मा कालंलो' म्हणजे आमच्या काळी वगैरे सुरू करायला लागली तेव्हा तिला जिन्यात नेऊन असं काही सुनावलं की ती बाई महिनाभर आमच्या मजल्यावर फिरकली नाही. घड्याळ मात्र त्या घरातलंही उतरवलं. "डब्याचं पिणाऱ्याला पण भूक आपल्या मनानंच लागती," म्हणाल्या.

आमच्या घड्याळाचा सेल त्यांनी रेवा चालायला लागल्यावर परत आणून दिला. तोवर विनयने नवा घालायला हवा होता. पण आम्ही कोणीच घातला नाही.

गेल्या वर्षी काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सिद्धार्थला बाजूला घेऊन सांगितलं, दोन महिने. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईपासून काय लपणार? त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरूनच आकडा ओळखला.

मी शेवटची भेटले ती एका रविवारी दुपारी. रेवाला बरोबर नेलं होतं. ती आता दुसरीत आहे, तेलुगू धडाधड वाचते आणि मराठीची अक्षरं बोटाने एकेक जोडत बसते. काकू पलंगावर होत्या, एवढ्याशा झालेल्या. मला बघून म्हणाल्या, "वजन करायला आलीस का? आता नुसतं बारदान राह्यलंय."

सिद्धार्थ वाटीत तांदळाची पेज घेऊन उभा होता. सहा फुटाचा माणूस, डोळे सुजलेले, हातात मोबाइल. "ताई, दर दोन तासांनी एक वाटी द्यायला सांगितलीय. ही दोन चमचे घेते आणि तोंड फिरवते. पुन्हा अर्ध्या तासानं मागते. असं कसं होणार?"

पलंगाच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मोठं, पांढरं, काटे ठळक. मला काय झालं कोण जाणे. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळाला हात घातला.

"राहू दे ते," काकू म्हणाल्या.

मी वळून बघितलं.

"ते मीच लावायला लावलंय. डाक्टर दोन महिने म्हणालाय. हा चौथा चालू हाय." त्यांनी घड्याळाकडे बघून हनुवटी उचलली. "बघू दे त्याला."

मी खाली उतरले. सिद्धार्थच्या हातातली वाटी घेतली, त्याचा मोबाइल पालथा ठेवला आणि त्याला बाहेर जाऊन चहा घे म्हटलं. काकूंना चमचा दिला. त्यांनी दोन घोट घेतले, तोंड फिरवलं आणि झोपल्या. रेवा पलंगाच्या कडेला बसून त्यांच्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे न उघडताच तोंड उघडलं. मी चमचा भरणार तेवढ्यात रेवाने तो माझ्या हातातून घेतला.